मासिक ऋतुचक्र, अंतःस्राव आणि स्त्रीचे वजन

चिकित्सालयात येणाऱ्या स्त्रीरुग्णांच्या तोंडी अलीकडे दोन तक्रारी जोडीने येतात. 'वजन वाढत चाललंय' ही पहिली आणि 'पाळीचा काही ताळमेळ राहिलेला नाही' ही दुसरी. या दोहोंपैकी आधी कोणती सुरू झाली हे रुग्णेस सांगता येत नाही आणि गर्दीच्या वेळी आपणही विचारत नाही. वजनासाठी मेदोहर गुग्गुळ, पाळीसाठी कुमारी आसव किंवा रजःप्रवर्तिनी असा दुहेरी कागद लिहिला जातो आणि पुढील महिन्यात काट्यावरील आकड्यावरून औषधाचे यशापयश ठरते. वस्तुतः ही दोन वेगळी प्रकरणे नव्हेत. अंतःस्रावांमुळे स्त्रीचे वजन महिन्याच्या दिवसांगणिक हलते, आणि वजनामुळे ते अंतःस्रावही हलतात. हा दुहेरी संबंध व्यवहारात कसा ओळखावा याविषयी, हातकणंगले परिसरातील सुमारे वीस वर्षांच्या चिकित्सानुभवाच्या आधारे, वैद्यबंधू-भगिनी व औषधविक्रेते यांच्यापुढे काही विचार मांडत आहे.

आरंभी स्वतःचीच एक चूक सांगते. बारा वर्षांपूर्वी हुपरीकडील एक ३६ वर्षांची स्त्री वजन कमी करण्यासाठी आली. घरी चांदीच्या पैंजणांचे काम, दिवसाचे आठ-नऊ तास एका जागी बैठक. उंची १५५ सेंमी, वजन ६८ किलो. पथ्य, संध्याकाळचे चालणे, मेदोहर गुग्गुळ आणि आरोग्यवर्धिनी अशी योजना केली. तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा काट्यावर ६९.६ किलो. ती हिरमुसली; मलाही वाटले की मात्रा कमी पडते आहे. मी दोन्ही औषधांची मात्रा वाढविली. चार दिवसांनी पाळी आली ती नेहमीपेक्षा अधिक स्राव आणि दाह घेऊन. तिने औषधे बंद केली आणि येणेही बंद केले. पुढे दोन महिन्यांनी मुलाच्या खोकल्यासाठी आली असता तिला सहज काट्यावर उभे केले. वजन ६६.८ किलो. चालणे आणि पथ्य तिने सोडले नव्हते.

जुना कागद काढून पाहिला तेव्हा उलगडा झाला. पहिले वजन पाळीच्या सहाव्या दिवशी घेतले होते, दुसरे सत्ताविसाव्या दिवशी आणि तिसरे आठव्या दिवशी. मधला आकडा मेदाचा नव्हता, पाण्याचा होता. उपचार चुकला नव्हता, वाचन चुकले होते. आणि त्या चुकीच्या वाचनावरून उष्ण-तीक्ष्ण औषधाची मात्रा ऐन रजःकालाच्या तोंडावर वाढविली गेली. अशी गल्लत केवळ माझ्याच हातून झाली असेल असे मला वाटत नाही.

चक्रातील वजनाची हालचाल

पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजल्यास चक्राचा पूर्वार्ध इस्ट्रोजेनच्या चढत्या प्रभावाखाली असतो. बीजोत्सर्गानंतर पीतपिंडातून प्रोजेस्टेरॉन मोठ्या प्रमाणावर स्रवते आणि इस्ट्रोजेनचीही दुसरी, थोडी कमी उंचीची लाट येते. गर्भधारणा न झाल्यास सुमारे चौदा दिवसांत पीतपिंड मावळतो, दोन्ही स्राव उतरतात आणि रजःप्रवृत्ती होते. आपल्याकडील अनेक अध्यापक ऋतुकाल कफप्रधान, ऋतुव्यतीतकाल पित्तप्रधान आणि रजःकाल वातप्रधान अशी मांडणी शिकवितात. ती आधुनिक आलेखावर तंतोतंत बसविण्याचा अट्टहास करू नये. तथापि उत्तरार्धात शरीराचे तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सियसने चढते, भूक वाढते, गोड आणि तळलेल्या पदार्थांची इच्छा होते, ही वस्तुस्थिती आपल्या मांडणीशी विसंगत नाही.

या काळात विश्रांत अवस्थेतील ऊर्जाव्ययही किंचित वाढतो. भूक त्या मानाने काहीशी अधिक वाढते. दिवसाला शंभर-दोनशे कॅलरी जादा पोटात जातात. दोन लहान लाडू किंवा मूठभर फरसाण, एवढाच हा हिशेब. यातून मेद साठला तरी तो ग्रॅममध्ये मोजावा इतका असतो. एका आठवड्यात किलो-दीड किलो वाढलेले वजन त्याने घडत नाही. ते वजन मुख्यतः पेशींच्या बाहेरील जलाचे, आणि काही अंशी मंदावलेल्या आतड्यातील मलाचे असते. प्रोजेस्टेरॉनमुळे आतड्याची गती संथ होते, हे उत्तरार्धातील मलावष्टंभावरून आपण पाहतोच.

जलसंचयाची यंत्रणा मोठी गुंतागुंतीची आहे. प्रोजेस्टेरॉन वृक्कातील अल्डोस्टेरॉनच्या कार्याला प्रथम विरोध करते, म्हणजे सोडियम बाहेर टाकण्यास मदत करते. याची भरपाई म्हणून शरीर अल्डोस्टेरॉनची निर्मिती वाढविते. इस्ट्रोजेन तहान आणि मूत्रसंग्रहाचा उंबरठा खाली आणते. या ओढाताणीतून काही स्त्रियांत जलसंचय ठळक होतो, काहींत जाणवतही नाही. कॅनडात ६२ स्त्रियांच्या ७६५ चक्रांच्या दैनंदिन नोंदींवर आधारित एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अंग भरल्याची जाणीव सर्वाधिक होती ती पाळीच्या पहिल्याच दिवशी. एरव्ही आपण 'पाळीआधीची सूज' म्हणतो. पण तिचे शिखर स्राव सुरू होण्याच्या दिवशी असते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आणखी विशेष असे की, त्या नोंदींचा रक्तातील इस्ट्रोजेन वा प्रोजेस्टेरॉनच्या पातळीशी थेट मेळ बसला नाही. तेव्हा 'हार्मोन वाढले म्हणून वजन वाढले' हे सोपे वाक्य रुग्णेस सांगताना जपून सांगावे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४२ स्त्रियांवरील अभ्यासात पाळीच्या दिवसांतील वजन नंतरच्या आठवड्यापेक्षा सरासरी सुमारे अर्धा किलो अधिक आढळले आणि ही वाढ जवळजवळ सर्व पेशीबाह्य जलाचीच होती. अर्धा किलो ही सरासरी होय. व्यक्तिशः दीड-दोन किलोपर्यंत फरक मी अनेकदा नोंदविला आहे, विशेषतः लोणचे, पापड आणि खर्डा यांवाचून जेवण न होणाऱ्या घरांत.

कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी. येथील वाचकांना ऑगस्ट २०२४ मधील पॅरिस ऑलिंपिकची आठवण करून दिली पाहिजे. ५० किलो गटाच्या अंतिम लढतीच्या सकाळी विनेश फोगाट यांचे वजन १०० ग्रॅम अधिक भरले आणि त्या अपात्र ठरल्या. क्रीडा लवादापुढे त्यांच्या बाजूने जी कारणे मांडली गेली, त्यांत पाणी पिणे आणि पाळीपूर्व काळातील जलसंचय यांचा स्पष्ट उल्लेख होता. लवादाने अर्ज फेटाळला, कारण नियमात वजनमर्यादेला सूट नाही. नियमाचा तो प्रश्न निराळा. पण स्त्रीच्या शरीरात नैसर्गिकरीत्या होणारी घटबढ त्या १०० ग्रॅमच्या कितीतरी पट असते, हे वैद्याने तरी जाणले पाहिजे. आपल्या भागातही आता मुली तालमीत उतरू लागल्या आहेत. वजनगटात बसण्यासाठी त्या काय करतात, हे आपण आवर्जून विचारावे.

एकाच रसाची दोन रूपे

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात दोन विधाने लागोपाठच्या अध्यायांत केली आहेत. रसापासूनच स्त्रियांचे रज निर्माण होते, बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होऊन पन्नाशीच्या सुमारास थांबते, असे चौदाव्या अध्यायात सांगितले आहे. पंधराव्या अध्यायात स्थौल्य आणि कार्श्य ही दोन्ही रसावरच अवलंबून असल्याचे म्हटले आहे. विद्यार्थीदशेत ही दोन सूत्रे आपण वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे म्हणून पाठ केली. ती शेजारी ठेवून वाचली की वजन आणि आर्तव यांचे मूळ एकच ठरते. रस बिघडला तर दोन्ही बिघडणार.

आधुनिक शास्त्र या ठिकाणी दुसऱ्या वाटेने पोहोचले. मेदधातू हा केवळ साठा नसून स्वतःच अंतःस्रावी अवयव आहे, हे १९९४ मध्ये लेप्टिनचा शोध लागल्यानंतर निर्विवाद झाले. मेदपेशींतून स्रवणारे लेप्टिन हायपोथॅलॅमसला शरीरातील साठ्याची वर्दी देते. साठा अपुरा असेल तर बीजकोषास चालना देणारे वरचे संदेश मंदावतात. याखेरीज मेदपेशींत अरोमाटेज नावाचे विकर असते. ते अँड्रोजेनचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करते. म्हणजे मेद फार कमी झाला तर चक्र थांबते आणि फार वाढला तर इस्ट्रोजेनची बीजोत्सर्गाशी संबंध नसलेली, अखंड अशी निर्मिती सुरू राहते. रोझ फ्रिश व जेनेट मॅकआर्थर यांनी १९७४ मध्ये पाळी टिकण्यासाठी शरीरात सुमारे २२ टक्के मेद आवश्यक असल्याचे मांडले. हा आकडा सर्वांना सारखा लागू होत नाही असे पुढे दिसून आले आणि मेदाच्या टक्क्याइतकेच आहार व श्रम यांतील तफावतीला महत्त्व आले. मूळ कल्पना मात्र टिकून आहे.

महाराष्ट्रात ही दोन्ही टोके एकाच वेळी नांदत आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २१ टक्के स्त्रिया कृश आणि सुमारे २३ टक्के स्थूल वा अतिवजनी होत्या. आपल्या प्रतीक्षाकक्षातील बाकावर दोघी शेजारी बसलेल्या असतात. तरीही मासिकांत आणि जाहिरातींत चर्चा केवळ स्थौल्याचीच होते.

कृश रुग्णा

एक १९ वर्षांची मुलगी पोलीस भरतीची तयारी करीत होती. उंची १६० सेंमी, वजन ४३ किलो. सात महिन्यांपूर्वी ५० किलो होते. पहाटे पाचला आणि सायंकाळी पुन्हा धावणे, ८०० मीटरची वेळ कमी करण्याचा ध्यास. भात सोडलेला, भाकरी अर्धी, रात्री काकडी आणि ताक. पाच महिने पाळी नव्हती. आईने एका दुकानातून रजःप्रवर्तिनी आणून पंधरा दिवस दिली होती. काहीच झाले नाही म्हणून 'यापेक्षा जोरदार गोळी' मागण्यासाठी त्या दोघी आल्या होत्या.

सुश्रुतांनी कार्श्याची कारणे सांगताना वातकर आहार, अतिव्यायाम, अल्पाशन, भूक मारणे, रात्री जागरण, अतिअध्ययन, भय, शोक आणि चिंता यांची जी मालिका दिली आहे, ती या मुलीच्या दिनचर्येचे वर्णन म्हणून वाचता येईल. त्या सर्वांमुळे रस शोषला जातो, अल्प होतो आणि पुढील धातूंना पुरत नाही. जिथे रसच नाही तिथे रज कुठून प्रवर्तित होणार? कासीस, हिंग, टंकण, एळवा यांनी मार्ग मोकळा करता येतो, रिकामी तिजोरी भरता येत नाही. नष्टार्तवातील मार्गावरोध आणि क्षीणार्तवातील रसाभाव हा भेद न करता दिलेली उष्ण औषधे येथे उरलासुरला रसही आटवितात.

आईला बाहेर बसवून मुलीशी बोलले, गर्भधारणा चाचणी केली. ती नकारात्मक आली. थायरॉईड व प्रोलॅक्टिन यांच्या तपासण्या आणि सोनोग्राफी करून घेतली. काही दोष आढळला नाही. धावणे एक वेळ केले, आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती. नाचणी, तीळ, उडीद, दूध, तूप, शेंगदाणे आणि शतावरी कल्प. भात परत ताटात आणण्यासच सर्वाधिक वेळ लागला. चार महिन्यांत वजन ४७.५ किलो झाले आणि पाचव्या महिन्यात पाळी आली. धावण्याची वेळ वाढली नाही, उलट सुधारली. अशा मुलींत खरा धोका पाळीचा नसून अस्थींचा आहे. अस्थींची भरण याच वयात पूर्ण होत असते आणि इस्ट्रोजेनविना गेलेले महिने पुढे भरून निघणे कठीण जाते. इचलकरंजीत कांड्या भरण्याचे काम करणाऱ्या, रात्रपाळी आणि घरकाम यांत पिचलेल्या तरुण सुनांतही हेच चित्र दिसते. तिथे फक्त अतिव्यायामाऐवजी अतिश्रम म्हणावे लागते.

स्थूल आणि 'दिसायला बारीक' रुग्णा

बहुपुटी बीजकोष, ज्यास सर्वजण पीसीओएस म्हणतात, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे वजनापुरतेच बोलते. मेद, विशेषतः उदरातील, वाढला की इन्सुलिन निष्प्रभ होऊ लागते आणि शरीर अधिक इन्सुलिन स्रवते. हे जादा इन्सुलिन बीजकोषाकडून अधिक अँड्रोजेन करवून घेते आणि यकृतातून स्रवणारे, अँड्रोजेनला बांधून ठेवणारे प्रथिन घटविते. परिणामी मुक्त अँड्रोजेन वाढते, बीजोत्सर्ग रखडतो, पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात. अँड्रोजेनमुळे मेद पुन्हा उदराकडेच साठतो आणि चक्र पूर्ण होते. मानेवरचा काळा, मखमली पट्टा हे वाढलेल्या इन्सुलिनचे बोलके लक्षण होय. आपल्याकडे आया तो मळ समजून घासणीने घासतात.

या चक्रातून बाहेर पडण्यास मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के घट अनेक स्त्रियांत पुरते. ७० किलोच्या स्त्रीसाठी ही घट साडेतीन ते सात किलो. 'पन्नास किलो झाल्याशिवाय पाळी येणार नाही' असे सांगून लग्नाळू मुलीला उपाशी ठेवणारे पथ्य तिला एका विकारातून काढून दुसऱ्यात ढकलते.

आणि ज्या मुलीचे वजन मुळात बेताचेच आहे तिचे काय? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र 'लॅन्सेट' या नियतकालिकात २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचा देहभार निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातील मेद मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. छायाचित्र दोन पुरुषांचे असले तरी त्यातील धडा आपल्या स्त्रीरुग्णांना अधिकच लागू पडतो. हातपाय काडीसारखे, पोट पुढे, वजन ५२ किलो आणि पाळी दोन-दोन महिन्यांनी, अशी रुग्णा काट्यावर 'नॉर्मल' ठरते. म्हणून काट्याशेजारी मापनफीत असावी. शेवटची फासळी आणि कटीचे हाड यांच्या मध्यावर कंबर मोजावी. ८० सेंमीपेक्षा अधिक भरल्यास, वजन काहीही असो, मेददुष्टी गृहीत धरून विचार करावा.

काश्यपसंहितेतील पुष्पघ्नी जातहारिणीचे वर्णन पीसीओएस म्हणून सर्रास सांगितले जाते. भरलेले, केसाळ गाल आणि निष्फळ पुष्प ही लक्षणे जुळतात, हे खरे. परंतु तेथे रजोदर्शन यथाकाल होते असे म्हटले आहे, तर आपल्या बहुतेक रुग्णांत ते लांबलेले असते. साम्य दाखवावे, एकरूपता सांगू नये, असे माझे मत आहे.

थायरॉईडच्या मंदतेतही वजन वाढते, पाळीत स्राव अधिक जातो, अंगावर सूज राहते. तथापि तेथील वाढ सहसा काही किलोंचीच आणि मोठ्या अंशाने लवण व जलाची असते. वीस किलो वाढले त्याचे खापर एकट्या थायरॉईडवर फोडता येत नाही.

चाळिशीनंतर मात्र एका बाबतीत कठोर राहिले पाहिजे. बीजोत्सर्ग अनियमित झाल्याने प्रोजेस्टेरॉन घटते, मेदातून होणारी इस्ट्रोजेननिर्मिती चालूच राहते आणि गर्भाशयाचे अंतःस्तर प्रतिबंधाविना वाढत राहते. स्थूल स्त्रीतील गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग याच वाटेने येतो. ४५ वर्षांवरील स्थूल स्त्रीस अनियमित वा अति स्राव असेल, अथवा पाळी बंद होऊन वर्ष लोटल्यावर एक डागही दिसला असेल, तर पुष्यानुग चूर्ण वा अशोकारिष्टाची बाटली देण्यापूर्वी सोनोग्राफी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घेतलेच पाहिजे. तसेच हातपाय वाळत असताना फक्त पोट वाढत असेल तर तो मेद समजू नये. जलोदर वा बीजकोषाचा अर्बुद असू शकतो.

ऊसतोडणीच्या हंगामात आपल्या तालुक्यात बीडकडील टोळ्या येतात. त्यांतील अनेक स्त्रियांची गर्भाशये तरुण वयातच काढलेली असतात. २०१९ मध्ये राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे आलेल्या माहितीनुसार बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. या स्त्रियांत पाळी दिसत नाही, म्हणून चक्र नाही असे समजू नये. बीजकोष शाबूत असतील तर अंतःस्रावांची भरती-ओहोटी सुरूच असते. बीजकोषही काढले असतील तर तिशीतच रजोनिवृत्ती येते, मेद पोटाकडे सरकतो आणि अस्थी झिजू लागतात. शस्त्रक्रियेचा कागद पाहिल्याशिवाय कोणते ते कळत नाही, आणि बहुतेकींना तो कागद कधी मिळालेलाच नसतो.

औषधविक्रेत्यांच्या विचारार्थ

जोतिबाची चैत्र यात्रा, पंढरीची वारी, नवरात्र, घरची वास्तुशांत. या दिवसांत पाळी लांबविण्यासाठी नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्यांची मागणी किती वाढते, हे दुकानदारांस सांगावयास नको. हे प्रोजेस्टेरॉनसदृश औषध आहे. घेतले की पोट फुगणे, स्तन भरणे आणि वजन किलोभर वाढणे हे ओघाने येते. त्याचा अल्पांश शरीरात इस्ट्रोजेनसदृश द्रव्यात बदलत असल्याने रक्त गोठण्याचा धोकाही असतो. पायाच्या शिरेत पूर्वी गाठ झालेली, यकृतविकार असलेली, अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमक येणारी स्त्री असेल तर ही गोळी देऊ नये. मुळात ती चिठ्ठीवाचून देऊच नये. यात्रेनंतर तीच स्त्री वजन कमी करण्याचे चूर्ण मागण्यास येते, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे. त्या आठवड्यात तिला चूर्ण नको, पुढील पाळी होऊन जाऊ द्यावी.

शासकीय केंद्रांत २०१७ पासून मिळू लागलेले 'अंतरा' हे तीन महिन्यांचे गर्भनिरोधक इंजेक्शनही प्रोजेस्टेरॉनच्याच जातीचे. त्याने पाळी अनियमित होते, पुढे अनेकींची थांबतेही आणि काहींचे वजन पहिल्या वर्षात दोनेक किलो वाढते. इंजेक्शन घेतल्याचे स्त्रिया आपण होऊन सांगत नाहीत, कारण घरात ते अनेकदा ठाऊक नसते. एकान्तात विचारावे. अशा स्त्रीस नष्टार्तव समजून आर्तवजनन औषधे देणे व्यर्थ होय.

पाळी चुकलेल्या कोणत्याही स्त्रीस रजःप्रवर्तिनी वा तत्सम औषध देण्यापूर्वी गर्भधारणा चाचणी करून घ्यावी. ही चाचणी आपल्याच दुकानात मिळते. वजन झपाट्याने उतरविणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या 'वनौषधी' पुड्यांपासून दूर राहावे. भारतात २०११ मध्ये बंदी घातलेले सिबुट्रामिन अशा मालात मिसळलेले वेळोवेळी सापडले आहे. २०२५ पासून टिर्झेपटाईडची इंजेक्शने आपल्याकडे मिळू लागली. वजन उतरताच पीसीओएसच्या रुग्णांत बीजोत्सर्ग परत सुरू होतो, आणि या औषधाने गर्भनिरोधक गोळीचा परिणामही घटू शकतो. अपेक्षा नसताना दिवस राहिलेल्या दोन रुग्णा मी पाहिल्या आहेत.

वजन कोणत्या दिवशी

आता आमच्याकडे पाळीच्या सहाव्या ते नवव्या दिवसाच्या दरम्यान वजन घेतले जाते. सकाळी, उपाशीपोटी, मलमूत्रविसर्जनानंतर, एकाच काट्यावर. ज्यांची पाळी अनियमित आहे त्यांचे आठवड्यातून एकदा असे चार वेळा घेऊन सरासरी काढतो. पाळीपूर्वीच्या आठवड्यात मेदोहर औषधाची मात्रा वाढवीत नाही. ज्यांना स्राव अधिक जातो त्यांचा गुग्गुळ स्राव संपेपर्यंत थांबवितो. त्या आठवड्यात लोणचे, पापड, फरसाण बंद, हलका आणि उष्ण आहार, फार जडत्व असल्यास गोक्षुर-पुनर्नव्याचा फांट चार-पाच दिवस. मूत्रल गोळ्या केवळ वजनासाठी कधीही देऊ नयेत.

केसपेपरवर वजनाच्या रकान्याशेजारी 'पाळीचा कितवा दिवस' असा रकाना छापून घेतला आहे. तो भरणे वाटते तितके सोपे नाही. तारीख फार थोड्या जणींना आठवते. कुणी एकादशीवरून सांगते, कुणी वडगावच्या बाजारावरून, कुणी 'पाहुणे आले त्याच्या आदल्या दिवशी' म्हणते. भिंतीवरील दिनदर्शिका काढून, बोट ठेवून, तिच्यासोबत दिवस मोजावे लागतात. त्यास दोन मिनिटे लागतात.